कॅरियरवर बाईक चढवण्याआधी

कारच्या मागे मोटरसायकल न्यायला पहिलंच हिच कॅरियर (कारच्या मागच्या ओढजोडणीत, म्हणजे हिचमध्ये, बसणारी चौकट) घेतोयस, तर आधी गाडीच्या हिचची टंग वेट मर्यादा, म्हणजे हिचवर किती उभा भार चालतो ते, बघ. ओढायची क्षमता वेगळी, हिचवर पडणारा उभा भार वेगळा. तो बहुतेक वेळा ओढक्षमतेच्या 10 टक्क्यांच्या आसपासच असतो. 110 किलोची बाईक, वर 25-30 किलोचं कॅरियर, आणि हे सगळं हिचच्याही मागे लटकलेलं, म्हणजे तरफेमुळे ताण आणखी वाढतो. छोट्या गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगवर पकड राहत नाही. तशा गाडीला ट्रेलरच लाव, मनापासून सांगतो.

रॅचेट पट्टे (खटक्यानं ताणून घट्ट होणारे) हँडलबारपासून दोन्ही बाजूंना खाली ओढ. फोर्क (बाईकचं पुढचं सस्पेन्शन) दाबला जायला हवा, पण पार तळाला नेऊ नकोस. त्यानं फोर्कच्या ऑइल सीलवर ताण येतो. मागच्या चाकाला वेगळा पट्टा हवाच. माझा एकदा राहिला आणि पहिल्याच खड्ड्यात चाक कॅरियरच्या पन्हळीतून बाहेर आलं. कारच्या सायलेन्सरची गरम हवा बाईकच्या टायरवर येत नाही ना, तेही बघ, रबर वितळतं. बाईकच्या पेट्रोलचा कॉक बंद. कारची नंबरप्लेट, दिवे झाकले जात असतील तर कॅरियरवर वेगळे बसव.

निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांब आणि पट्टे पुन्हा ताण.