तुमचे प्रश्न : सॅमन, ट्राउट आणि आपला रावस

प्रश्न : बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. मग सॅमनसारखी रावसाची पिल्लं वाढवून नदीत का सोडत नाहीत? (दादर)

उत्तर : दोघांत नावापुरतंच नातं आहे. सॅमनची मादी समुद्रातून नदीत चढते आणि थंड वाहत्या पाण्यात शेपटीने खडी उकरून अंडी पुरते. हॅचरीतले, म्हणजे मासेपैदास केंद्रातले, ट्रे त्या खडीची जागा घेतात. रावस समुद्रात आणि खाडीत वाढतो, त्याची अंडी पाण्यात तरंगतात; ही पद्धत त्याला लागूच पडत नाही. शिवाय रावस आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणून लहान रावस घेऊ नका, ही विनंती. त्यातले बहुतेक अजून मादी झालेले नसतात.

प्रश्न : भाच्याने कुल्लूजवळ रेनबो ट्राउटची अंडी फळवून ट्रेमध्ये ठेवली. पाणी 10 अंश. नवव्या दिवशी ट्रे दुसऱ्या टाकीत हलवले, दोन दिवसांत निम्मी अंडी पांढरी पडली, आता बुरशीही आहे. चुकलं कुठे? (परळ)

उत्तर : ट्रे हलवले तिथेच. फळल्यानंतर साधारण 48 तास अंडी हलवता येतात. त्यानंतर आत डोळ्यांचे काळे ठिपके दिसेपर्यंत त्यांना धक्का सोसत नाही. बलकाभोवतीचा पातळ पडदा फाटला की आत पाणी शिरतं, प्रथिनं साकळतात आणि अंडं पांढरं होतं. 10 अंशांवर डोळे यायला सोळा-सतरा दिवस लागतात, पिल्लं साधारण एकतिसाव्या दिवशी निघतात. तापमान गुणिले दिवस असा हिशेब रोज वहीत ठेवायला सांगा. पाणी गार झालं की दिवस वाढतात.

बुरशी मेलेल्या अंड्यावर धरते आणि तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना गुदमरवतात. नाजूक काळात चिमट्याने वेचू नका. त्याऐवजी बुरशी मारायला फॉर्मॅलिन हे जंतुनाशक द्रावण द्या : 600 भाग पाण्यात 1 भाग, 15 मिनिटं, पाण्याचा प्रवाह चालू ठेवून. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. पिल्लं निघायच्या सुमारास हे थांबवायचं. ट्रे झाकलेले हवेत, उन्हानेही अंडी मरतात.

डोळे आले की मात्र उलट करायचं. अंडी फूटभर उंचीवरून पाण्याच्या बादलीत ओतायची. त्या धक्क्याने न फळलेली अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी दिसतात, ती वेचून टाकायची. तीच फार निघाली तर दोष फळवण्यात. भांडं कोरडं होतं का, विचारा. पाणी लागल्यावर नराचं वीर्य मिनिटभरही टिकत नाही आणि अंड्याचं सूक्ष्म छिद्रही मिटतं. म्हणून आधी गाभोळीत वीर्य कालवायचं, पाणी मागाहून.

प्रश्न : सोडलेला सॅमन काही वर्षांनी त्याच जागी कसा परततो? (विलेपार्ले)

उत्तर : वासावरून. समुद्राकडे निघायच्या वयात पिल्लाच्या अंगावरचे पट्टे पुसट होऊन ते चंदेरी होतं, कल्ले खाऱ्या पाण्याला तयार होतात, आणि त्याच दिवसांत ओढ्याचा वास मनात ठसतो. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर यांच्या गटाने 1970च्या दशकात तिथल्या मिशिगन सरोवरात हे दाखवलं : मॉर्फोलिन या रसायनाच्या वासात वाढवलेले कोहो जातीचे सॅमन मोठेपणी तोच वास मिसळलेल्या ओढ्याकडे गेले.

म्हणून पिल्लं ट्रकने दूर नेऊन थेट समुद्राजवळ सोडली तर पुष्कळदा ती भलत्याच नदीत चढतात. ज्या नदीत परत यायला हवीत, तिच्याच पाण्यावरच्या तळ्यात काही आठवडे ठेवून मग सोडणं बरं. नेण्याआधी एक-दोन दिवस खाद्य बंद, नाहीतर विष्ठेने टाकीचं पाणी खराब होतं. टाकीत नदीचं पाणी थोडंथोडं मिसळून तापमान जुळवायचं, मग दार उघडायचं. ओळखीसाठी पाठीमागचा छोटा मांसल पर कापतात आणि अनेक ठिकाणी नाकाडात 1.1 मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार टोचतात. मासा परतला की ती तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. कोणत्या हॅचरीतून, कोणत्या तुकडीत सुटला, ते तिच्यावरून कळतं.