पात्रं बोलताहेत कोणत्या भाषेत?

प्रिय मुली,

'थिंग्ज फॉल अपार्ट'वरचं तुझ्या शोधनिबंधाचं प्रकरण वाचलं आणि सोबतचं पत्रही. पत्रातला गोंधळ मला प्रकरणापेक्षा जास्त प्रामाणिक वाटला, म्हणून उत्तर पत्राला देतेय. नायजेरियाचा कादंबरीकार चिनुआ अचेबे इंग्रजीत लिहितो म्हणजे तो साहेबाला सामील झाला की साहेबाचंच हत्यार त्याच्यावर उगारतो, हे तुला ठरवता येत नाही; आणि गाइड म्हणताहेत, भूमिका घ्या. भूमिका नंतर घे. त्याआधीचं एक काम राहिलंय. ते न करता घेतलेली कुठलीही भूमिका व्हायव्हाच्या दुसऱ्या प्रश्नाला कोसळेल.

काम असं आहे. कादंबरीतल्या प्रत्येक संवादाशेजारी पेन्सिलीनं लिही: ही माणसं इथं खरोखर कोणत्या भाषेत बोलताहेत? छापलेली भाषा इंग्रजी आहे, ते दिसतंच. बोलली जातेय ती कोणती? ऐकणाऱ्याला ती कळते का? मधे कुणी दुभाषा आहे का?

तू याऐवजी काय केलंस, तर 'ची', 'ओबी', 'एग्वुग्वु', 'ओग्बान्जे' अशा इग्बो, म्हणजे अचेबेच्या मातृभाषेतल्या, शब्दांची यादी केलीस आणि तिच्यावरून 'स्थानिक संस्कृतीचं जतन' असा निष्कर्ष काढलास. मग १९०१ सालच्या 'किम' कादंबरीचं काय करशील? किपलिंगनं त्यात हिंदुस्तानी शब्द पानोपानी पेरलेत. नुसते शब्दच धरायचे, तर साम्राज्याचा तो भक्तही संस्कृतिरक्षक ठरेल. आता तोच प्रश्न त्याला लाव. हिंदुस्तानीत चाललेलं बोलणं तो बायबलच्या वळणाच्या जुन्या इंग्रजीत देतो, त्याला एक भारदस्तपणा असतो. त्यातला बंगाली हरीबाबू देशी भाषेत बोलतो तेव्हा त्याची वाक्यं सरळ छापली जातात; तोच बाबू इंग्रजी बोलू लागला की त्याचे उच्चार वेडेवाकडे लिहून दाखवले जातात. माणूस एकच, हुशारी तीच. साहेबाच्या भाषेत पाऊल टाकलं की तो हास्यास्पद होतो. हे शब्दांच्या यादीत सापडत नाही, संवादाची भाषा ओळखल्यावरच दिसतं.

'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ मध्ये लंडनला छापली गेली. प्रकरणं पंचवीस, भाग तीन. गोरा माणूस प्रत्यक्ष समोर येतो तो सोळाव्या प्रकरणात. म्हणजे पंधरा प्रकरणं वाचक इंग्रजी वाचतो आणि ऐकतो मात्र इग्बो. कुणाचा उच्चार वाकडा नाही, म्हणी सहज येतात. हे एकदा पक्कं धर, मग पुढचे पाच प्रसंग झेरॉक्स करून टेबलावर ओळीनं मांड.

पहिला, अबामेचा, प्रकरण १५. सायकलवरून एक गोरा येतो. तो काहीतरी बोलतो, कुणाला कळत नाही; नाकातून बोलल्यासारखं वाटतं. त्याला मारतात. मागाहून कुणाला तरी वाटतं की तो म्बाइनोला निघाला असावा आणि वाट चुकला असावा. या एका न कळलेल्या बोलण्याची किंमत म्हणून भर बाजारच्या दिवशी अख्खं गाव कापलं जातं. म्हातारा उचेन्डू गोऱ्यांना दोष देण्याआधी अबामेवाल्यांना मूर्ख म्हणतो, कारण जो काही बोलत नाही त्याला कधी मारू नये. इथं दुभाषा नाही.

दुसरा, म्बांता, प्रकरण १६. इथं दुभाषा आहे, पण परगावचा. त्याच्या बोलीत 'मी स्वतः'च्या जागी 'माझे कुल्ले' असं ऐकू येतं. लोक हसतात. तू हा प्रसंग 'विनोदनिर्मिती' म्हणून एका ओळीत उरकलास, त्याचा मला राग आला. अगं, हाच दुभाषा थोड्या वेळानं भजनाचं एकेक कडवं समजावून सांगतो आणि नायक ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये त्यातच अडकतो. त्रिमूर्तीचं तर्कट त्याला कळलेलं नसतं. जंगलात टाकलेल्या जुळ्यांचं रडणं आणि घरात भावासारखा वाढलेल्या इकेमेफुनाचा खून याबद्दल त्याच्या मनात जे अनुत्तरित होतं, त्याला ते गाणं भिडतं. गावाला जी भाषा चेष्टेची वाटली तिच्यातूनच घरातला थोरला मुलगा निघून गेला.

तिसरा सर्वांत समृद्ध आहे, प्रकरण २२. एग्वुग्वु, म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचे मुखवटे घातलेली गावातली माणसं, चर्चवर चालून येतात. मिशनरी स्मिथ सांगतो, यांना इथून जायला सांग, हे देवाचं घर आहे, ते भ्रष्ट झालेलं मी जिवंतपणी पाहणार नाही. दुभाषा ओकेके काय सांगतो? गोरे साहेब म्हणतात, तुम्ही मित्रांसारखे गाऱ्हाणं घेऊन आलात याचा आनंद आहे, ही गोष्ट त्यांच्यावर सोपवा. तो धडधडीत खोटं सांगतो, आणि त्या क्षणी तिथं शहाणपणानं वागणारा तोच. दोन्ही वाक्यं इंग्रजीतच छापली आहेत, म्हणून घाईनं वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही की मधे भाषा बदलली आणि अर्थही. पेन्सिलीची खूण असेल तर कळेल.

चौथा, प्रकरण २३. जिल्हाधिकारी सहा पुढाऱ्यांना अडकवून दोनशे पिशव्या कवड्यांचा दंड ठोठावतो. कोर्टाचे शिपाई गावात जाऊन अडीचशे सांगतात. वरच्या पन्नास त्यांच्या. दोन भाषांच्या मधे जो उभा आहे त्याच्या खिशात काय पडतं, हे अचेबे आकड्यात सांगतो. यातले बरेच शिपाई दूरच्या उमुरूचे, म्हणजे परकेच. वसाहतीचं राज्य गोऱ्या माणसाइतकंच या मधल्या माणसावर चालतं, हे वाक्य तुझ्या प्रकरणात असायला हवं होतं आणि त्याला पुरावा म्हणून हा आकडा.

पाचवा शेवटचा, प्रकरण २५. ओकोन्क्वोनं गळफास घेतलाय. त्याचा मित्र ओबिएरिका जिल्हाधिकारी साहेबाला म्हणतो, तो आहे तिथं आम्ही नेतो, कदाचित तुमची माणसं आम्हाला मदत करतील. आत्महत्या केलेल्याच्या देहाला कुळातल्यांनी हात लावायचा नसतो, परक्यांनीच लावायचा. दुभाषा इथं चोख काम करतो, शब्द एकही हरवत नाही. आणि साहेबाच्या मनात येतं की या लोकांना उगाच जास्तीचे शब्द वापरायची चीड आणणारी खोड आहे. मग कादंबरी सरळ साहेबाच्या डोक्यात शिरते. त्याला पुस्तक लिहायचंय. त्यात ओकोन्क्वोला एखादा परिच्छेद मिळेल. पुस्तकाच्या ठरलेल्या नावात खालच्या नायजरकाठच्या आदिम जमातींच्या 'शांतवना'ची भाषा आहे. ज्या इंग्रजीत आपण पंचवीस प्रकरणं इग्बो ऐकली, तीच इंग्रजी शेवटच्या ओळीत सरकारी दप्तराची होऊन बसते.

आता पाचही एकत्र बघ. दुभाषा नाही, दुभाषा आहे पण परका, दुभाषा मुद्दाम बदलतो, दुभाषा पैसे खातो, दुभाषा अचूक सांगतो तरी कळत नाही. संघर्ष वाढत जातो तो या क्रमानं. यातल्या तिसऱ्या प्रसंगाच्या थोडं आधी, विसाव्या प्रकरणात, ओकोन्क्वो विचारतो की गोऱ्याला आपली जमिनीची रीत कळते का, आणि ओबिएरिका उलट विचारतो, आपली भाषाच येत नाही त्याला कशी कळेल? तुझ्या शोधनिबंधाची मध्यवर्ती कल्पना कादंबरीनंच लिहून ठेवली आहे, आणि तू ती बाहेरच्या सिद्धान्तांत शोधतेयस.

तक्त्याला सहा रकाने पुरेत: बोलणारा, ऐकणारा, खरी भाषा, छापील रूप, मधला माणूस, काय हरवलं किंवा वाढलं. 'खरी भाषा' हा रकाना कधी रिकामा राहील; तिथं 'सांगितलेली नाही' असं लिही, अंदाज ठोकू नकोस. म्हणी नुसत्या मोजू नकोस. कोण, कुणासमोर, कोणत्या भाषेत म्हणतो ते नोंदव. आणि जिथं लेखकानं भाषांतरच केलेलं नाही त्या जागांवर वेगळी खूण कर. सातव्या प्रकरणात इकेमेफुना मरायला चाललाय, त्याला ते पुरतं उमगलेलं नाही, आणि तो मनात लहानपणचं गाणं म्हणतो. गाणं इग्बोत छापलंय, खाली अर्थ नाही. एरवी सगळं उलगडून सांगणारा लेखक इथं आपल्याला दाराबाहेर उभं करतो. का, यावर दोन पानं लिही. ती दोन पानं आत्ताच्या तुझ्या वीस पानांना भारी पडतील.

याला तुझ्या विभागात कुणी कारकुनी म्हणेल. म्हणू देत. मला हे पूर्वीही ऐकवलं गेलंय आणि माझं मत तसूभर बदललेलं नाही. आपल्याकडे या कादंबऱ्या सारांश, पात्रचित्रण आणि 'थीम्स' अशा नोट्समधून शिकवल्या जातात, मुलं दुभाषाचं नावसुद्धा न ऐकता पास होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अचेबेनं १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टच्या व्याख्यानात कॉनरॅडला पकडलं ते कशावर? 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये आफ्रिकी माणसांना बोलायला फक्त दोन जागी मिळतं, यावर. कोण बोलतंय आणि कोणत्या भाषेत, हेच त्यानं तपासलं. त्याला कुणी कारकून म्हटलं नाही.

फॉर्स्टरची 'ए पॅसेज टू इंडिया' (१९२४) तुलनेला घेतेयस, चांगलं आहे, पण जपून. पाचव्या प्रकरणातली ब्रिज पार्टी घे, इंग्रज आणि हिंदी लोकांना जवळ आणण्यासाठी दिलेली. कलेक्टरची बायको मिसेस टर्टन हिला उर्दू येते ती नोकरांशी बोलण्यापुरती: आदरार्थी रूपं ठाऊक नाहीत, क्रियापदं फक्त आज्ञार्थी. साम्राज्याचं सगळं नातं या एका व्याकरणाच्या नोंदीत आहे, आणि 'तू-तुम्ही'च्या भाषेत वाढलेल्या तुला ते इंग्रज वाचकापेक्षा आधी टोचायला हवं. समोरची हिंदी बाई तेवढ्यात इंग्रजीत उत्तर देते, आणि मिसेस टर्टनला नवल वाटतं की हिला कळतं!

शेवटच्या भागात माऊ संस्थानातल्या गोकुळाष्टमीत गाणारे तुकारामाला आळवतात: तू माझा बाप, आई आणि 'एव्हरीबडी'. गाणं कोणत्या भाषेत चाललंय ते फॉर्स्टर सांगत नाही. तो १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांकडे खासगी सचिव होता, त्यामुळे मराठी कानावर पडली असणार. तरी रकान्यात 'सांगितलेली नाही' हेच लिही आणि मराठीची शक्यता तळटीपेत दे. इंग्रजीत तो शेवटचा शब्द बावळट वाटतो. आपल्याकडं मायबाप, सखा, सोयरा म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही. ओळीतलं हसू गाणाऱ्यांचं आहे की भाषांतराचं, एवढाच प्रश्न विचार आणि पुढं हो. तुकाराम भेटला म्हणून चार पानं वाहवत जाऊ नकोस.

राहिला तुझा मूळ प्रश्न, इंग्रजी की मातृभाषा. इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची १९६२ ची कंपालाची परिषद, तिच्यावर टीका करणारा ओबी वालीचा १९६३ चा लेख, केनियाच्या गूगीनं तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयूत, आपल्या मातृभाषेत, लिहिलेली आणि १९८० मध्ये आलेली कादंबरी, हे सगळं वाच. तो वाद खरा आहे आणि मला गूगीबद्दल अपार आदर आहे. पण तो लेखकानं कोणत्या भाषेत लिहावं याचा वाद आहे; तुझं प्रकरण पात्रं कोणत्या भाषेत बोलतात याचं आहे. दोन्ही एकत्र कालवलेस म्हणून अडकलीस. याच वादावरच्या १९६५ च्या निबंधात अचेबेनं काय केलं ते बघ. त्याच्याच 'अ‍ॅरो ऑफ गॉड' कादंबरीतला पुजारी एझेउलू मुलाला चर्चमध्ये पाठवताना म्हणतो, तिथं माझे डोळे हो, काही नसेल तर परत ये, असेल तर माझा वाटा घरी आण. अचेबेनं तेच म्हणणं गुळगुळीत इंग्रजीत लिहून शेजारी ठेवलं: प्रतिनिधी म्हणून पाठवतोय, खबरदारी म्हणून. दुसऱ्यात इंग्रजी जास्त सफाईदार आहे, आणि एझेउलू नाहीसा झालाय. छापील भाषा दोन्हीकडं इंग्रजीच. बोललेली भाषा पहिल्यात ऐकू येते, दुसऱ्यात येत नाही. तू हा प्रयोग स्वतः तीन उताऱ्यांवर कर. उतारे ओबिएरिकाचे निवड, ओकोन्क्वोचे नकोत, तो फार तोडून बोलतो.

पुढच्या पत्रासोबत प्रकरण पाठवू नकोस. फक्त तक्ता पाठव, आणि सुरुवात बाविसाव्या प्रकरणापासून कर. ओकेकेच्या वाक्यासमोरचा सहावा रकाना तू कसा भरतेस ते मला आधी बघायचंय.

तुझी,
मॅडम