निरुपयोगी कोड काढावा की राहू द्यावा?

प्रश्न : एका जुन्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. त्यातील बराच कोड आता वापरात नाही असे दिसते. काही फाइलींमध्ये तर सलग शे-दोनशे ओळी कॉमेंट करून, म्हणजे संगणकाने वगळाव्यात अशी खूण करून, ठेवल्या आहेत. वरिष्ठ म्हणतात, 'चालते आहे ना, मग हात लावू नका.' मी काय करावे?

उत्तर : कोड काढावा, पण तो खरोखरच वापरात नाही याची आधी खात्री करून घ्यावी. पडून असलेला कोड कोणाला त्रास देत नाही, या समजाची मोठी किंमत अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी मोजली. तिने २००३ पासून न वापरलेला एक भाग प्रणालीत तसाच ठेवला होता आणि तो सुरू करणारा फ्लॅग (चालू-बंद ठरवणारी खूण) नव्या कामासाठी पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, त्यामुळे तेथे जुनाच भाग जागा झाला. शेअरची मागणी पूर्ण झाल्यावर सौदे थांबवणारी मोजणी २००५ मधील एका बदलात त्या भागापासून तुटली होती, आणि जे वापरातच नाही त्याची चाचणी कोण घेणार? सौदे होतच राहिले व सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

तरीही वरिष्ठांची भीती अगदीच अनाठायी नाही. एखाद्या फंक्शनचे (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे) नाव शोधून ते कोठेच सापडले नाही, एवढ्यावरून ते मृत ठरत नाही. ते कॉन्फिगरेशन (सेटिंगच्या) फाइलीतून, रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना नावावरून शोधून) किंवा वर्षातून एकदाच चालणाऱ्या हिशेबाच्या जॉबमधून बोलावले जात असू शकते. म्हणून संशयित ठिकाणी लॉगची, म्हणजे तो भाग चालला की नोंद करणारी, एक ओळ घालावी आणि कामाचे एक पूर्ण चक्र, गरज पडल्यास अख्खे वर्ष, वाट पाहावी. हे कंटाळवाणे आहे खरे, पण वरिष्ठांपुढे ठेवण्यास याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

कॉमेंट केलेल्या ओळींसाठी मात्र इतका विचार नको. त्या चालतच नाहीत, आणि प्रकल्प कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसारख्या प्रणालीत असेल तर त्यांचा इतिहास तेथे जपलेला असतोच. त्या आजच काढाव्यात.

बाकीचा कोड थोडा थोडा, स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या एका नोंदीत) काढावा आणि त्यात दुसरी कोणतीही सुधारणा मिसळू नये, म्हणजे चूक झाल्यास तेवढाच बदल मागे घेता येतो. डेटाबेसमधील स्तंभ सर्वांत शेवटी आणि बॅकअप घेऊनच काढावेत, कारण कोड गिटमधून परत आणता येतो, पण पुसलेली माहिती तेथून मिळत नाही.