चाळीचा टॉवर झाल्यावर शेजारपण टिकतं का?

तुम्ही विचारलंय, ८० बिऱ्हाडांची चाळ जाऊन ३०० फ्लॅटचा टॉवर होतोय, तर आपलेपणा राहील का? आपोआप नाही राहणार. लालबागला आम्ही यातून गेलोय.

चाळीत ओळखी व्हायच्या त्या गॅलरीमुळे. सामायिक नळ, उघडी दारं, दिवसातून दहादा एकमेकांची तोंडं दिसायची. (भांडणंही तेवढीच व्हायची, हे आठवणींत सोयीस्कर गळतं.) वरळीच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची होती, पुनर्विकासात घर ५०० चं मिळतं. जागा वाढते, पण येताजाता भेटणं संपतं.

पहिल्या वर्षी आम्ही गणपतीला सगळ्यांना नुसतं आमंत्रण दिलं. लोक आले, प्रसाद घेतला, लिफ्टने वर गेले. दुसऱ्या वर्षी मजले वाटून दिले: तीन मजल्यांकडे एक दिवस, आरतीपासून नैवेद्यापर्यंत सगळं त्यांचं. बाराव्या मजल्यावरच्या नव्या गुजराती काकू आईकडे मोदकाची पारी शिकायला आल्या. आता त्यांचे मोदक फुटत नाहीत, आईचे फुटतात, आणि हे त्या अख्ख्या विंगला सांगतात!

कमिटीत नव्या लोकांना पहिल्याच वर्षी घ्या. जुन्यांनी ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ जरा आवरतं घ्यावं.

आणि नकाशा पास व्हायच्या आधी बिल्डरकडून तळमजल्यावर बसायला कट्टा लेखी मागून घ्या. आम्ही तोंडी मागितला होता. तिथे आता दोन गाड्या उभ्या असतात.