महिन्याचे नवीन पिक्चर कसे निवडायचे, नवीन पोरांसाठी

भावा, महिन्याची लिस्ट आली की सगळंच बघायला धावू नको, आधी मराठी कुठला लागतोय ते बघ, कारण आपल्याकडं मराठीला शो कमी मिळतात आणि पहिल्या सोमवारपासून तेही दुपारच्या अडनिड्या टायमाला ढकलतात, त्यामुळं मराठी असेल तर शुक्रवार-शनिवारीच उरकायचा. हिंदी मोठा पिक्चर थांबू शकतो, मल्टिप्लेक्सला लागलेला हिंदी साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो, तेलुगू त्याआधीच येतात.

सोलापुरात राहून तेलुगू मात्र डब बघू नको रे! पूर्व भागात बरीच घरं तेलुगू बोलतात, एखाद्या दोस्ताला सोबत घे आणि ओरिजिनल बघ, तिथल्या शिट्ट्या हिंदी डबच्या शोला नसतात. बुक करताना भाषा नीट चेक कर, एकाच नावाखाली दोन्ही शो असतात.

ट्रेलरवर जास्त भरोसा नको, दिग्दर्शक आणि लेखक कोण ते बघ. नागराज मंजुळे आपल्या करमाळ्याचे, त्यांचा 'सैराट' 2016 चा, हिरो-हिरॉईन दोघंही नवीन होते तरी गर्दी झालीच ना. लहान भावंडं नेणार असशील तर सर्टिफिकेट बघ, आता यूए (लहानांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचे) मध्ये 7, 13, 16 वर्षांवरचे असे वेगळे गट आहेत.