आउटबोर्ड उतरवताना

भाऊ, उजनीत होडी घातलीत, छान! आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, कसं उतरवायचं ते विचारलंत. १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ५० किलो भरतं, एकट्याने उचलू नका. आधी बॅटरी आणि पेट्रोलचा पाइप काढा, उभ्या इंजिनातलं पाणी निथळू द्या.

- चेन पुलीचा हूक लिफ्टिंग रिंगलाच (इंजिन उचलायची कडी) लावा. वरच्या झाकणाला कधीच नाही, ते निसटतं.
- इंजिन अडकवायच्या स्टँडला जाड, भक्कम फळी हवी. दोन्ही क्लॅम्प स्क्रू आवळा, शिवाय दोरी बांधा. पंख्यावर (प्रोपेलरवर) भार नको.

नवखे हमखास चुकतात ते आडवं ठेवताना. मॅन्युअलमध्ये दिलेल्याच कुशीवर ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिनाचं डोकं (वरचा भाग) पंख्यापेक्षा वरच असू द्या. खाली गेलं तर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून आत शिरतं. पुलीला लटकत्या इंजिनाखाली हात घालू नका. गिअरकेस (पंख्याजवळची गिअरची पेटी) नंतर बघू.