कृष्णधवल प्रिंट हिरवट येत असल्यास प्रोफाइल लावावे की ड्रायव्हरवर सोपवावे?

आपला कृष्णधवल प्रिंट हिरवट येतो आणि फोटोशॉपमधून प्रोफाइल (ठरावीक कागदावर प्रिंटरचे रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) लावावे की सगळे प्रिंटर ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवावे, असे आपण विचारले आहे. दोहोंपैकी कोणतेही एक चालेल. दोन्ही एकाच वेळी कदापि नको. फोटोशॉपने कागदाच्या प्रोफाइलनुसार बदललेले रंग ड्रायव्हर पुन्हा आपल्या पद्धतीने बदलतो. रंगीत फोटोत ती झाक खपून जाते, करड्या छटांत लपत नाही.

अमळनेरच्या एका स्टुडिओशी माझा याच मुद्द्यावरून जुना वाद आहे. माझे वडील प्रताप मिलमध्ये होते. साच्याजवळ, म्हणजे कापडाच्या मागाजवळ, उभ्या असलेल्या त्यांच्या फोटोची निगेटिव्ह स्कॅन करून मी मोठा प्रिंट काढायला दिला होता. हाती आलेल्या प्रिंटमध्ये सदऱ्याच्या चुण्या खिडकीपाशी शेवाळी दिसत आणि पिवळ्या बल्बखाली त्यांवरच गुलाबी झाक चढे. स्टुडिओचे आप्पा म्हणाले, "कायापांढरा फोटूले प्रोफाइल कसाले जोयजे?" आणि त्यांनी दोष माझ्या मॉनिटरला दिला. फाइल ग्रेस्केल होती, तिच्यात रंगाची माहितीच नव्हती. म्हणजे झाक आली ती छपाईतच. मी ड्रायव्हर उघडायला लावला, तर रंगदुरुस्ती दोन्हीकडे चालू होती. ड्रायव्हरमध्ये त्याची रंगदुरुस्ती बंद करणारे 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' निवडताच शेवाळीपणा गेला, मात्र उजेडानुसार छटा बदलणे थांबले नाही, कारण करडा रंग निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातूनच बनत होता. त्या एप्सन प्रिंटरमध्ये फिकट काळ्या शाया होत्या, म्हणून करड्या छटा मुख्यतः काळ्या शायांतूनच छापणारा ड्रायव्हरमधला मोड 'अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो' निवडून फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवले, म्हणजे रंग ड्रायव्हरवरच सोपवले, तेव्हा कुठे वडिलांचा सदरा दोन्ही उजेडांत पांढरा दिसला. आप्पांनी त्याचे श्रेय नव्या कार्ट्रिजला दिले. केकी मूस यांनी ज्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला बसून छायाचित्रकला जोपासली, तेथे करड्या छटांविषयी एवढी बेफिकिरी मला आजही सहन होत नाही.

हा मोड चार शायांच्या साध्या प्रिंटरमध्ये मिळणार नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे केवळ काळ्या शाईने छापल्यास उजळ भागात ठिपके दिसतात, त्यामुळे कागदाचे नेमके प्रोफाइल लावून ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद ठेवणेच बरे. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही खराच निवडावा, कारण शाईचे प्रमाण त्यावरच ठरते. आणि प्रिंट बाहेरून काढून घेत असाल, तर मॉनिटरचे कारण ऐकून परत येऊ नका. ड्रायव्हरची सेटिंग आपल्यासमोर उघडायला लावा.